बर्फाची लादी आपल्या दारी

थंडी सुरू झाली की टीव्हीवर काश्मीर-शिमल्याचा बर्फ दाखवतात. तिकडच्या बायका फावड्याने दारातला बर्फ ओढताना दिसतात. आपल्या ठाणे-कल्याणकडे पहाटे शाल घेतली की झाली थंडी. पण आमच्या गटातल्या मासळीवाल्यांचा दिवस बाराही महिने बर्फानेच उगवतो. तोही एकेकाळी असाच दूरदेशी, हिवाळ्यात गोठलेला बर्फ होता.

दोनशे वर्षांपूर्वी बर्फाची फॅक्टरी नव्हती. अमेरिकेत बोस्टनच्या आसपास थंडीत तळी गोठत. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तोच बर्फ कापून विकायला काढला. आधी वर पडलेला भुसभुशीत बर्फ खरवडायचा. तो गोधडीसारखा राहिला तर खालचा थर जाड होत नाही. मग घोड्याने ओढायच्या दातेरी नांगराने रेघा पाडून चौकोनी लाद्या काढायच्या. जहाजात त्या लाकडाच्या भुशात रचत. १८३३ मध्ये असं पहिलं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता, उतरला साधारण १०० टन. वितळला तो वितळला, उरला त्यावर नफा!

पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जिजीभाईंनी पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवलं आणि यजमानासकट कितीजणांना सर्दी झाली, असं सांगतात. १८४३ मध्ये वर्गणी काढून मुंबईत खास बर्फघर बांधलं. हा सगळा थाट साहेबांच्या पेल्यासाठी आणि बड्या घरच्या पंगतीसाठी.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला गेली. ठाणे स्टेशनाजवळच चेंदणी कोळीवाडा. त्या काळी कोळणीपुढे दोनच वाटा होत्या: मासळी त्याच दिवशी विका, नाहीतर खारवून सुकवा. दुपार कलली की गिऱ्हाईक मागेल त्या भावाला द्यायची. जुन्या हकिकतींत साहेबाचा पेला हटकून भेटतो, कोळणीची पाटी शोधावी लागते. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला, अमेरिकेची जहाजं थांबली, आणि कधीतरी ती लादी कोळणीच्या हाती आली.

बर्फ राखायची रीत मात्र जुनीच. लादीला गोणपाट किंवा भुसा, आणि वितळलेलं पाणी वाहून जायला वाट. आमच्या एक मावशी चाळीस वर्षं मासळी विकतात. त्या म्हणतात, "पाणी साचलं की मासा मऊ पडतो." म्हणून खाली बर्फचुरा, वर मासळी, पुन्हा चुरा. हा बर्फ तोंडात घालू नका, पोरांनाही देऊ नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात त्यात निळा रंग घालायचा नियम झाला. पण पांढरा दिसला म्हणजे खायचाच, असं धरू नका. गोळेवाल्याला बर्फ कुठला ते विचारा. तो चिडला तर चिडला.

आमच्या गटात दोन वर्षांपूर्वी हिशेब मांडला, तेव्हा कळलं की उन्हाळ्यात मासळीवाल्यांची बरीच कमाई बर्फातच विरघळते. शिवाय बोटं बधिर होतात ती वेगळी. बाजारात बर्फ ठेवायला जागा मागितली. अर्ज दोनदा हरवला. मग गटाच्या अंतर्गत कर्जातून जाड भिंतींची, खाली पाण्याची तोटी असलेली एक मोठी पेटी घेतली. पाचजणी मिळून लादी आणतात. संध्याकाळी उरलेली मासळी आता मातीमोल जात नाही. हप्ता एकदाच चुकला, तोही पावसाळ्यात मासेमारी बंद होती म्हणून.

साहेबांनी वर्गणी काढून बर्फघर बांधलं, तसं आमचं हे. दुसऱ्या पेटीसाठी बचत चालू आहे. पहिली रात्री कोणाच्या ओट्यावर ठेवायची, यावरचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.