सांदवाडीची वंशावळ

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत परसबाग हा शब्द कागदावर असतो, तोंडात मात्र सांदवाडी. सांद म्हणजे दोन घरांमधली अरुंद मोकळी जागा. तिच्यातून मागे गेलं की काट्याकुपाटीच्या नाहीतर बांबूच्या कुंपणाआड जी वाडी लागते, ती सांदवाडी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा, कुठंही जा, तिची मांडणी सारखीच. न्हाणीचं पाणी जिथं वाहून जातं तिथं धोपा आणि एखादी केळ. कुंपणावर दोडका, वाल, कारलं. मांडवावर कोहळं. कोपऱ्यात मुंगना आणि पोपई. मधल्या वाफ्यांत वांगी, मिरची, भेदरं, सांबार. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सांगतो: धोपा म्हणजे अळू, मुंगना म्हणजे शेवगा, भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर.

गेल्या काही वर्षांत राज्याच्या ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचतगटांमधून ‘पोषण परसबाग’ गावोगावी पोहोचली आहे. गोलाकार वाफे, मध्ये खताचा खड्डा, एकेका वाफ्यात एकेक पालेभाजी. गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या ताटात रोज हिरवं काहीतरी पडावं हा त्यामागचा हेतू, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. फक्त एक गोष्ट खटकते. प्रशिक्षण असं सुरू होतं, जणू घरामागची जागा आजवर पडीकच होती. या दोन जिल्ह्यांत त्या जागेची वंशावळ फार लांब आहे.

तिच्या मुळाशी भाजी नसावी, भांडं असावं, असं मला वाटतं. भामरागड, एटापल्लीच्या माडिया आदिवासींच्या घरांत वाळवलेला दुधीभोपळा दिसतो. आतला गर आणि बिया काढून टाकलेला, धुरानं काळसर झालेला तुंबा. त्यात पाणी, ताडीमाडी, बियाणं, काहीही ठेवतात; अर्धा कापला की त्याचाच डाव होतो. कुंभाराचं चाक आणि तांब्या-पितळेचा बाजार लांब असलेल्या मुलखात घराच्या छपरावर चढवलेला हा वेल म्हणजे भांड्यांचं दुकान. ही वनस्पती मूळची आफ्रिकेतली आणि माणसानं लावलेल्या सर्वांत जुन्या वनस्पतींपैकी एक. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी ती अमेरिकेतही पोहोचलेली होती. मातीचं मडकं येण्याआधीपासून माणसं तिच्यात पाणी वाहत आली आहेत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४९ साली मध्य भारतातल्या पुराणकथांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातल्या काही कथांत प्रलय येतो तेव्हा सगळं बुडतं आणि एक भाऊ-बहीण भोपळ्यात बसून तरतात. ज्यांनी ही कथा रचली त्यांच्या दारात तो वेल असणारच.

माडियांना भाजी लावणं माहीतच नव्हतं, असं पुष्कळदा सहज लिहिलं जातं. मला ते पटत नाही. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं बस्तरच्या माडियांवरचं पुस्तक १९३८ चं. इंद्रावतीच्या पलीकडची ती माणसं भाषेनं आणि नात्यानं अलीकडच्यांची सोयरी. त्या पुस्तकातले माडिया डोंगरउतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत कोसरा आणि मंडिया ही भरडधान्यं पेरत. दोन-चार वर्षांनी जागा बदलत. तरी घरालगत तंबाखू, मका, भोपळे, वाल यांना कुंपण घालून जपलेली जागा असे. वाफे, सरी, ओळी नसत, एवढंच. शिवाय मोठी बाग तर कुंपणाबाहेर होती. पहिल्या पावसानंतर तरोटा, मग वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, वारुळांवर उगवणारे टेकोडे म्हणजे अळिंबी, वेलीवरची काटवलं. जे जंगलात विनासायास मिळतं ते घरामागे लावायचं कशाला? जंगलात मिळत नाही ते लावायचं. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ वाचताना हे नीट कळतं. गडचिरोलीच्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं त्यात त्यांनी नोंदवलं आहे, आणि त्या बायकांच्या बोलण्यात वाडीतलं झाड आणि रानातलं झाड यांत फारशी भिंत नाही.

ती भिंत बाहेरून आली. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या आणि फिरती शेती गुन्ह्यासारखी झाली. गाव एका जागी खिळलं. घरामागची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली, तेव्हाच तिथं आंबा लावण्यात अर्थ आला असावा, हा माझा तर्क. दहा वर्षं वाट पाहायला लावणारं झाड उठून जाणारा माणूस लावत नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र गोष्ट वेगळी. तिथं पाणी होतं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तळी बांधणाऱ्यांना आणि जंगल मोडून गाव वसवणाऱ्यांना जमिनी दिल्या, आणि कोहळी समाजानं त्या तळ्यांच्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवला. आज ज्यांना आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, ते हेच. बांधीत धान, बांधीच्या पाळीवर तूर, तळ्याच्या झिरप्यामुळे गावातल्या विहिरींना पाणी आणि त्या पाण्यावर सांदवाडी. गावाचं शेणमूत, राखरांगोळी पावसात वाहून जिथं जाते त्या शेताला गावखारी म्हणतात, आणि ते गावातलं सर्वांत कसदार शेत मानतात. सांदवाडी ही त्या गावखारीची धाकटी बहीण. दोघींचं खत एकच.

याच वाडीत समुद्रापारचे पाहुणे येऊन राहिले. मिरची, भेदरं, पोपई, जांब (पेरू), सीताफळ, रताळं, मका, लाल कोहळं ही सगळी अमेरिकेची लेकरं. १४९२ नंतर ती जहाजांतून जगभर पसरली, आपल्याकडे बहुतेक पोर्तुगिजांच्या बंदरांतून आली. किनाऱ्यापासून इतक्या दूर, सागाच्या जंगलात ती केव्हा पोहोचली त्याची तारीख कुणी लिहून ठेवली नाही. बायकांनी पदरात बांधून आणलेल्या बियांची नोंद कुठल्या दप्तरात होणार? पण ती किती मुरली ते पाहा. सीताफळ चांद्याच्या टेकड्यांवर रानटी झालं आणि सीतेचं नाव घेऊन बसलं. मिरचीशिवाय इथल्या माणसाला भात गोड लागत नाही. बरबटी म्हणजे लांब शेंगांची चवळी, तिचं कूळ आफ्रिकेचं. भेंडीचंही तेच सांगतात. वांगं मात्र आपल्या उपखंडातलं अस्सल घरचं. सगळे एका कुंपणात, एकाच न्हाणीच्या पाण्यावर.

घराची जागा मात्र पूर्वी आपली नसे. मालगुजार म्हणजे सरकारला सारा भरणारा गावचा मालक. त्याच्या काळात गावठाणही त्याच्याच मालकीचं. ३१ मार्च १९५१ ला जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी संपली. त्या वेळी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. शेतजमिनीच्या हिशेबात या घटनेवर खूप लिहिलं गेलं. सांदवाडीच्या बाजूनं कुणी पाहिलं नाही. आपल्या हातानं लावलेल्या आंब्याखाली आपल्याच हक्कानं बसता येणं, हे त्या वर्षी कितीतरी घरांत पहिल्यांदाच घडलं असेल.

त्याच १९५१ च्या जूनमध्ये, २१ तारखेला, वरोऱ्याजवळ विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. वरोरा झाडीपट्टीत येत नाही. पाऊस कमी, जमीन काळी, कापसाची. आनंदवनाला मिळालेला तुकडा तर खडकाळ माळ. बाबा आमटे, साधनाताई आणि मोजके कुष्ठरुग्ण. झडलेल्या बोटांनी त्यांनी विहीर खणली, माती भरली, भाजी लावली. भाजी इतकी आली की खाऊन उरली. पण बाजारात ती कुणी घेईना. महारोग्यांच्या हातची भाजी म्हणून लोक हात लावत नसत. १९५४ मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे ३६ देशांतले सुमारे ५० स्वयंसेवक आले, तीन महिने आनंदवनात राहिले, दवाखान्याच्या इमारती बांधल्या, रुग्णांबरोबर तिथलंच पिकलेलं जेवले. वरोऱ्याचे लोक ते पाहायला येऊ लागले, आणि मग भाजी विकली जाऊ लागली. चंद्रपूर जिल्ह्याच्या इतिहासात राजे, किल्ले, कोळसा यांची वर्णनं पुष्कळ वाचली. एका वांग्याला गिऱ्हाईक मिळाल्याची ही घटना मला त्यातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

आनंदवनातूनच २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याभोवती दवाखाना आणि शाळा उभी राहिली, तसा भाजीपाला आणि फळझाडांचा मळाही. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती जिथं भेटतात तो हा प्रदेश. पाऊस इतका, की पावसाळ्यात अनेक गावांचे रस्ते तुटतात. अशा वेळी बाजारातून भाजी आणणं हा पर्यायच नसतो.

आणखी एक धागा फारसा कुणी सांगत नाही. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसवलं. मुलचेरा तालुक्यातली सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं त्याच वसाहतींची. चंद्रपूर शहरात अजून बंगाली कॅम्प आहे. ही माणसं नद्यांच्या देशातून आली होती. तळ्यात मासे आणि तळ्याच्या काठावर भाजी, हे त्यांच्या अंगवळणी. त्यांनी परवल आणलं, केळफुलाची भाजी आणली आणि विकण्यासाठी भाजी पिकवण्याची चिकाटी आणली. चामोर्शी-मुलचेरा भागातल्या आठवडी बाजारात ढिगानं दिसणारी भाजी पुष्कळदा त्यांच्या मळ्यांतली असते. टोमॅटोला जुन्या बंगालीत विलायती वांगं म्हणत. एक विलायती वांगं बंगालमधून आलं, त्याची इथं भेदऱ्याशी गाठ पडली आणि दोघं एकाच दुकानात मांडले गेले.

दक्षिणेला सिरोंचा. गोदावरी-प्राणहितेचा संगम, अर्ध्या घरांत तेलुगू, हवा कोरडी आणि उन्हाळा जीवघेणा. तिथली मिरची प्रसिद्ध, आणि तिथला कलेक्टर आंबाही. एकेक फळ किलोच्या आसपास भरतं. एका इंग्रज अधिकाऱ्यानं रोपं आणली म्हणून हे नाव, असं तिथं सांगतात. गोदावरीपलीकडे तेलुगू मुलखात तोतापुरीलाही कलेक्टर म्हणतात. एका जिल्ह्यात उत्तरेच्या टोकाला धोपा न्हाणीच्या पाण्यावर माजतो, आणि दक्षिणेच्या टोकाला आंब्याशिवाय मे महिन्यात काही तग धरत नाही. दोन्हीकडच्या बायकांना एकाच पत्रकावरून एकच वाफा शिकवणं म्हणूनच बरोबर नाही.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. जुन्या सांदवाडीनं त्यावर उपाय काढलेला होता. एप्रिलपासून जूनपर्यंत ती जवळजवळ मोकळी सोडायची. धोपा, केळ, मुंगना आणि पोपई एवढीच मंडळी राखायची. बाकी सगळं वाळवणात. वालाचे दाणे, वाळलेली आंबाडी, वड्या, आंबोशी. उन्हाळ्यातली बाग छपरावर पसरलेली असे, वाळत घातलेली. बारा महिने हिरव्या वाफ्याचा आग्रह धरणाऱ्याला ही मोकळी जमीन आळशीपणासारखी दिसते.

आताचं संकट वेगळं आहे. माकडं गावात उतरतात आणि छपराची कवेलू फोडत, मांडव मोडत जातात. रानडुकरं रात्री कुंपण उकरतात. कितीतरी घरांनी कंटाळून वेल चढवणं सोडलं. घरं सिमेंटची झाली तसं न्हाणीचं पाणी नालीत गेलं आणि धोपा वाळला. बियाणं पाकिटातून येतं. त्यातल्या संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून राख लावून तुंब्यात ठेवण्याची रीतही मागे पडते आहे. पेरणीपूर्वी बियाण्याचा विज्जा पंडुम, आंबा खाण्याआधी मरका पंडुम, हे गोंड-माडिया सण अजून होतात. देवाला दाखवल्याशिवाय नवं फळ खायचं नाही, हा नियम मला नेहमी बियाण्याच्या राखणीसारखा वाटत आला आहे. तोवर फळ पुरतं पिकतं.

गावागावांत अजूनही मांडवावर एखाद्या दोडक्याला लाल चिंधी बांधलेली दिसते. तो तोडायचा नसतो. घरातल्या लेकरांनाही ते माहीत असतं. दोडका वाढतो, जून होतो, पिवळा पडतो, वाळून खुळखुळायला लागतो. मग घरातली म्हातारी तो उतरवते, टोक मोडते आणि काळे बी तळहातावर ओतून मोजते. निम्मे स्वतःला. उरलेले शेजारणीला, सांदीतूनच.