सवाई, दिढी आणि मनोती

इतिहास केवळ बखरींत सापडतो असे नाही. तो आपल्या नित्याच्या बोलण्यातही असतो. सोनईच्या श्रोत्यांपुढे आम्ही आज सावकारीतले काही शब्द ठेवीत आहोत.

पहिला 'सवाई'. पेरणीला मणभर बी उचलावे, सुगीला सव्वा मण घालावे. 'दिढी' म्हणजे मणाला दीड मण. ऐकावयास किती सोपे! पण वायदा सहा महिन्यांचा. म्हणजे वर्षाच्या हिशेबाने सवाई शेकडा 50 आणि दिढी शेकडा 100. 'मनोती' म्हणजे कर्ज देतानाच कापून घेतलेले पैसे. खतावर 100, हाती कमी, व्याज मात्र पुऱ्या शंभरावर. ही युक्ती आपल्याकडचीच असे नव्हे. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत 'नऊ जातात, तेरा परततात' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे : कर्ज दहाचे, हाती नऊ, फेड तेराची.

कुळाच्या बाजूचाही एक शब्द होता, 'दामदुप्पट'. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागू नये, हा धर्मशास्त्राचा जुना दंडक. तो निष्फळ कसा झाला? 1859 च्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू कुळाच्या रक्षणाचा. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेऊ लागले. 100 रुपये, दरसाल दरशेकडा 24 असे धरा. तीन वर्षांनी नवे खत 172 चे. सहा वर्षांनी येणे सुमारे 296. शब्द राहिला, अर्थ गेला.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि लवकरच आपल्या नगर जिल्ह्यात, पारनेर-श्रीगोंदे भागांत पोचला. लोकांनी मुख्यतः मागितली ती खते, आणि तीच जाळली. अक्षरशत्रू कुणब्यालाही आपला फास कोठे आहे हे नेमके ठाऊक होते! पुढे 1879 च्या कायद्याने खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. 1904 मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. त्याच सहकाराच्या वाटेवर पुढे सोनईचा साखर कारखाना उभा राहिला.

तरी शब्दांची करामत संपलेली नाही. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने परवान्यावाचून सावकारीला बंदी आहे. पण खाजगीत आजही 'शेकडा पाच' म्हणतात, तेव्हा ते बहुधा महिन्याचे असतात. वर्षाचे झाले 60. म्हणून अंगठा वा सही करण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारावेत : दर महिन्याचा की वर्षाचा? हाती किती? कागदावर किती? आपल्या पूर्वजांना हे विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.