हुकूम कोणाचा? मुंबईच्या आपत्ती नियंत्रणाची सव्वाशे वर्षे

१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजातून धूर निघू लागला. कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी पेटल्या होत्या आणि त्याच जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण जहाज बुडवायचे, गोदीबाहेर ओढून न्यायचे, की आग जागीच विझवायची? जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार आणि अग्निशमन दल यांचे एकमत होईना, आणि सर्वांना मानावाच लागेल असा हुकूम कोणीच दिला नाही. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा झाला. या स्फोटांची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावरही उमटली.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह या जवानांच्या स्मरणार्थ आहे. त्यांच्या धैर्यात काहीही उणे नव्हते. उणीव होती ती निर्णय घेणाऱ्या एका जागेची. आजच्या मुंबईत महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन विभाग ती जागा भरून काढतो. पण तिथवर पोहोचायला शहराला फार मोठी किंमत मोजावी लागली.

सगळे अधिकार एका हाती देण्याचा प्रयोग मुंबईने त्याच्या अर्धशतक आधी पाहिला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला. पालिकेने घरे धुऊन काढली, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे फर्मान काढले. ऑक्टोबरमध्येच संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. समितीचा शब्द अखेरचा होता. तपासणी पथके घराघरांत शिरली. लोकांनी रुग्ण लपवले, हजारोंनी शहर सोडले. पुण्यात तशाच सक्तीचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या प्रयोगशाळेत जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. लस हाताशी आली तरी सरकारवर लोकांचा विश्वास उरला नव्हता.

म्हणजे १८९७ मध्ये अधिकार होता पण लोक सोबत नव्हते, आणि १९४४ मध्ये जिवावर उदार झालेली माणसे होती पण अधिकार कोणाचा हेच ठरले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ आपत्ती म्हणजे मदतकार्य, असाच सरकारी खाक्या राहिला. घटना घडायची, मग पंचनामे, मग मदतीचे वाटप. १९९३ ने तो हादरवला. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांच्या मालिकेत २५७ माणसे मेली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त केली. त्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून महाराष्ट्राने आपत्तीपूर्व तयारीचे आराखडे करायला घेतले आणि मुंबईचाही आराखडा झाला. कागद तयार होता.

२६ जुलै २००५ ला कागद भिजून गेला.

सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर. मंत्रालय आणि पालिकेचे मुख्यालय दोन्ही दक्षिण मुंबईत. खिडकीतून दिसणारा पाऊस नेहमीचा होता, आणि उपनगरांत मिठी नदी कुर्ला, कलिना, वांद्रे गिळत होती. पावसाची अधिकृत मोजणी या दोन वेधशाळांवर टेकलेली. मधल्या शहरात कुठे किती पडतोय, हे ताबडतोब कळण्याची सोय नव्हती. दुपारी चारच्या आसपास समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती, त्यामुळे नाल्यांचे पाणी समुद्रात जाईना. लोकल थांबल्या, फोन बंद पडले, लाखो लोक पाण्यातून चालत निघाले. साकीनाक्याला दरड कोसळली. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात त्सुनामी आल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत पुन्हा माणसे मेली. खात्रीची बातमी देणारा एक आवाज शहराकडे नव्हता, हे त्या रात्री सिद्ध झाले.

जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची, हे आधीही माहीत होते. ती दुप्पट करण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाचा अहवाल १९९३ मध्येच तयार झाला होता आणि बारा वर्षे बहुतांशी कपाटात राहिला होता. आता त्याला केंद्राचा निधी मिळाला. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद इथे पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभी राहिली. डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. त्याची एक तुकडी तळेगावजवळच्या सुदुंबऱ्यात असते आणि पावसाळ्यात तिची पथके मुंबईत येऊन राहतात.

पालिकेचा नियंत्रण कक्ष खऱ्या अर्थाने घडला तो या काळात. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. दर पंधरा मिनिटांनी कोणत्या विभागात किती पाऊस पडला, ते मुख्यालयात दिसू लागले. पोलीस, अग्निशमन दल, बेस्ट, रेल्वे, हवामान खाते, मंत्रालय यांच्याशी हॉटलाइन जोडल्या गेल्या. १९१६ हा क्रमांक नागरिकांसाठी चोवीस तास सुरू झाला. २४ विभाग कार्यालयांत स्वतःचे नियंत्रण कक्ष आले. पावसाळ्याआधी रेल्वे, म्हाडा, एमएमआरडीए, नौदल, तटरक्षक दल सगळ्यांना एका बैठकीला बोलावण्याची, साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करण्याची आणि पालिकेच्या शाळा तात्पुरत्या निवाऱ्यासाठी नेमून ठेवण्याची पद्धत रुळली. जून २०२० मध्ये केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने पालिकेसोबत ‘आयफ्लोज’ ही पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू केली.

त्याच वर्षी कोरोनाने या सगळ्याची उलटी परीक्षा घेतली. रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी सुरुवातीला सगळे १९१६ वरच फोन करत होते आणि ती एक खिडकी अपुरी पडली. तेव्हा पालिकेने खाटांचे वाटप चोवीस वॉर्डांच्या वॉर रूमकडे सोपवले. तपासणीचे अहवाल आधी पालिकेकडे येत, तिथून वॉर्डनिहाय यादी जाई आणि वॉर्डातला माणूस रुग्णाला स्वतःहून फोन करी. सव्वाशे वर्षांपूर्वीचा साथरोग कायदा पुन्हा लागू झाला होता, पण या वेळी दारावर थाप मारणारी आरोग्यसेविका बहुधा त्याच वस्तीतली होती. माहिती मध्यभागी आणि निर्णय वस्तीजवळ, ही रचना टिकली. मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कामाचा दाखला दिला.

इतके होऊनही एक भेग बुजलेली नाही. मुंबईची जमीन पालिका, रेल्वे, बंदर, म्हाडा, एमएमआरडीए अशा अनेकांत विभागलेली आहे. जुलै २०१८ मध्ये अंधेरीत गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला, मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. दोन्ही वेळा, पूल कोणाच्या ताब्यातला, देखभाल कोणाची, यावर पालिका आणि रेल्वे यांच्यात वाद झाला. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि १७ जण मेले. पालिका कमाल ४० बाय ४० फुटांच्या फलकाला परवानगी देते. हा त्याच्या कितीतरी पट मोठा होता, आणि उभा होता लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जमिनीवर.

नियंत्रण कक्षातून अशा ठिकाणी रुग्णवाहिका, बंब, एनडीआरएफ वेळेवर पोहोचतात. पण कोसळणारी गोष्ट कोसळण्याआधी तपासण्याचा हुकूम कोणाचा, हा १९४४ चा प्रश्न गोदीतून निघून आता रस्त्यांवर, पुलांवर आणि फलकांवर आला आहे. पावसाळ्याआधीच्या त्या बैठकीला जी जी प्राधिकरणे हजर राहतात, त्या प्रत्येकाने आपल्या जमिनीवरचे पूल, फलक आणि धोकादायक इमारती यांचा तपासणी अहवाल पालिकेकडे द्यावा, त्यावर कारवाईचा अंतिम अधिकार पालिकेला असावा आणि तो अहवाल १ जूनच्या आत वॉर्ड कार्यालयात नागरिकांना वाचायला मिळावा. मुंबईकरांनी आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे या पावसाळ्याआधी ही मागणी लावून धरायला हवी.