सशाच्या शिंगाची कुळकथा

अर्थहीन बोलणं आणि अशक्य बोलणं, दोन्ही आपण ‘काहीतरीच’ म्हणून निकालात काढतो. जुन्या वैयाकरणांनी ही गल्लत केली नव्हती. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलींनी महाभाष्यात निरर्थक बोलण्याचा नमुना दिला तो असा: दहा डाळिंबं, सहा अपूप (घारग्यांसारखा पदार्थ), कुंड, बकऱ्याचं कातडं. यातली एकेक वस्तू बाजारात मिळेल, पण वाक्य काही उभं राहत नाही. ‘वांझेचा मुलगा’, ‘सशाचं शिंग’ यांचं नेमकं उलटं. विभक्ती चोख, संबंध चोख. वस्तूचाच पत्ता नाही. विसंगतीचं कूळ शोधायचं ते या दुसऱ्या घराण्यात, कारण इथे भाषा बिघडलेली नसते, उलट ती पूर्ण ताकदीने चालू असते.

न्यायशास्त्राच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हतं. ‘विस्तवाने शिंपावं’ या वाक्यात योग्यता, म्हणजे शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ, नाही, म्हणून ते प्रमाण नाही, असं अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहातही शिकवलं जातं. प्रमाण नसेल, पण कळलंच नाही असं कसं म्हणावं? विस्तवाने शिंपता येत नाही हे ठरवायला आधी वाक्य समजावंच लागतं. सातव्या शतकात मीमांसक कुमारिलभट्टांनी हे ओळखलं होतं: मुळात नसलेल्या वस्तूचंही ज्ञान शब्द करून देतो. तसं नसतं, तर ‘सशाला शिंग नसतं’ हे साधं खरं विधानही करता आलं नसतं.

मराठीत 1290च्या ज्ञानेश्वरीत या शिंगाला काम मिळालं. पंधराव्या अध्यायात संसारवृक्षाच्या संदर्भात सशाचं शिंग आणि आकाशफुलं येतात: जे मुळात उगवलंच नाही, ते मोडायचं कसं? ज्ञानेश्वरांच्याच नावावरचा कूट अभंग आणखी पुढे जातो. काट्याच्या टोकावर तीन गावं. दोन ओसाड, तिसरं वसलेलंच नाही. त्या न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात. दोन थोटे, तिसऱ्याला घडवता येत नाही. आणि त्याच न घडवणाऱ्याने मडकी घडवलेली असतात!

यावर आक्षेप येतो की ही विसंगती नव्हेच, नुसतं कोडं आहे. तीन गावं म्हणजे त्रिगुण, किल्ली लावली की कुलूप उघडतं. किल्ली असेलही. पण त्रिगुणांचं नाव न ऐकलेल्या पोरालाही हा अभंग अडखळल्याशिवाय समजत जातो. गाणाऱ्याने चुकून कुंभारांऐवजी सुतार आणले, तर तेच पोर त्याला टोकेल: मग मडकी कोण घडवणार?