चष्म्याचा खर्च कोणी सोसायचा?

चष्म्यासारख्या लहानशा वस्तूवरून एखाद्या मोठ्या देशाच्या मंत्रिमंडळात फूट पडावी, हे ऐकून नवल वाटेल. पण १९५१ साली ब्रिटनमध्ये असे घडले खरे.

त्याआधीची स्थिती पाहू. १९११ च्या कायद्याने तिथे कामगारांसाठी आरोग्यविमा सुरू झाला होता. मात्र कामगाराची बायको आणि मुले त्या विम्याबाहेर होती. चष्म्याला मदत मिळायची, ती ज्या विमासंस्थेजवळ शिल्लक असेल तिच्याच सभासदांना. बाकीच्यांनी काय करायचे? स्वस्त मालाच्या दुकानात चष्मे मांडलेले असत. एकामागून एक डोळ्यांवर चढवून पाहायचे आणि ज्यातून त्यातल्या त्यात बरे दिसेल तो घेऊन घरी जायचे. डोळे तपासणे वगैरे काही नाही.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचे शिल्पकार आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या एका खाणकामगाराचे चिरंजीव. वयाच्या तेराव्या वर्षी स्वतःही खाणीत उतरलेले. औषधपाण्याबरोबर चष्माही सरकारी खर्चाने मिळू लागला. पद्धत सोपी होती. पहिल्या वेळी डॉक्टरची चिठ्ठी घ्यायची, चष्मेवाल्याकडे डोळे तपासून घ्यायचे आणि ठरावीक नमुन्यांतली चौकट निवडायची. बिल सरकार भागवी. ज्याला भारी चौकटीची हौस असेल, त्याने वरचे पैसे पदरचे घालावेत.

आणि मग झालं काय, तर लोकांची रीघ लागली. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. सरकारचा अंदाज पार कोलमडला. कित्येकांना चष्मा हाती पडायला महिनोन् महिने थांबावे लागले. वर्तमानपत्रांतून टीका झाली की, फुकट मिळतंय म्हणून लोक लुटताहेत. पण विचार करा, ज्याला स्वच्छ दिसते तो माणूस फुकटचा चष्मा घेऊन करणार काय? घालून फिरला तर ठेचाच खाईल! ही गरज काही एका रात्रीत उपजलेली नव्हती. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून शिवण बाजूला ठेवलेल्या बायका, वाचणे सोडून दिलेले म्हातारे, ही माणसे आधीही होतीच. पैसे नव्हते म्हणून त्यांनी मागितले नव्हते. आणि मागितले नाही म्हणून ती कोणाच्या हिशेबात नव्हती.

पुढे कोरियाचे युद्ध आले. ब्रिटनने तीन वर्षांत शस्त्रसज्जतेवर ४७० कोटी पौंड खर्चायचे ठरवले. पैशाची ओढाताण सुरू झाली. एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी सुचवले की, चष्मा आणि दातांची कवळी यांचा सुमारे निम्मा खर्च लोकांनी द्यावा. त्या वर्षी त्यातून वाचायचे होते १ कोटी ३० लाख पौंड. गेट्स्केल यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. तिजोरीला तळ असतो, आणि इस्पितळांचा खर्चही वाढतच होता. पण बेव्हन म्हणाले, आज चष्म्याला पैसे मागाल, उद्या औषधाला मागाल. त्यांनी राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हे दोघेही त्यांच्यापाठोपाठ बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, नव्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसवला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एवढ्या भांडणातही लहान मुलांच्या चष्म्याला कोणी हात लावला नाही. गरिबांनाही मदतीची वाट मोकळी राहिली. पुढे १९८६ पासून सरकारी चष्म्याऐवजी ठरावीक रकमेची चिठ्ठी देण्याची पद्धत आली. ती मुलांना आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना आजही मिळते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळेतल्या मुलांची नजर तपासणे आणि गरजू मुलांना मोफत चष्मा देणे ही कामे आहेत. पण ब्रिटनमधला माणूस आपल्या पायांनी चष्मेवाल्याकडे गेला. आपल्या खेड्यातला आठ वर्षांचा पोरगा कसा जाईल? त्याला जन्मापासून धूसरच दिसत असेल, तर सगळ्यांना असेच दिसते असे तो समजतो. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेतो, मार खातो आणि ‘ढ’ ठरतो.

म्हणून या योजनेची पहिली पायरी शिक्षकाजवळ आहे. वीस फुटांवर तक्ता धरायचा. त्यावरच्या चिन्हाची तोंडे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे वळलेली असतात. मुलाने एक डोळा झाकून ते तोंड कुठे आहे ते बोटाने दाखवायचे, मग दुसरा डोळा. अक्षरओळखही लागत नाही. ज्याला दाखवता आले नाही, त्याचे नाव लिहून घ्यावे, पालकांना समजावून सांगावे आणि त्याला ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीसाठी पाठवावे. रोजंदारी बुडेल म्हणून बाप कुरकुर करील. तेव्हा गुरुजी, बाई, आपणच त्याला दोन शब्द सांगितले पाहिजेत.

पैशाची तरतूद सरकार करू शकते. पण कोणत्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, हे दिल्लीला किंवा मुंबईला कळायचे नाही. ते वर्गातच कळेल.