माळवा-वऱ्हाड लोहमार्ग : एक खंडित दुवा

उज्जयिनीच्या रामघाटावर क्षिप्रास्नानास येणाऱ्या यात्रेकरूंत वऱ्हाड-मराठवाड्यातील माणसे पुष्कळ असतात. माळव्याचा व या प्रांतांचा संबंध राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्या काळापासूनचा. त्या संबंधास पुढे मीटरगेज लोहमार्गाने दृढ रूप दिले; तोच मार्ग २०१७ मध्ये मध्यावर तुटला. तो पुन्हा कसा जोडावा हे ठरविण्यापूर्वी तो कसा जुळला होता, हे पाहणे अगत्याचे आहे.

इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने इंग्रज सरकारास कर्जाऊ दिले. नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये खुला झाला. ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी इंदूर-नीमच मार्गासाठी पंचाहत्तर लक्ष दिले; त्यावरील फतेहाबादहून उज्जयिनीस फाटा आला. ज्या दोन घराण्यांची चढाओढ इतिहासप्रसिद्ध आहे, त्यांचे द्रव्य असे एकाच मार्गात एकत्र आले.

दक्षिणेस निजामाच्या राज्यात पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रूळ आले होते. हिंगोली ते खंडवा हे अंतर अकोल्यावरून जोडले गेले, ते स्वातंत्र्यानंतर १९६० च्या सुमारास. सातपुड्यात धूळघाटापाशी चढ साधण्यासाठी रूळ स्वतःभोवतीच वळसा घेत. जयपूरहून पूर्णेकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावे. महाकाल, ओंकारेश्वर व औंढा नागनाथ या तीन ज्योतिर्लिंगांची यात्रा त्यामुळे सुलभ झाली.

मीटरगेजचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होऊ लागले, तेव्हा हा मार्ग तुकड्यातुकड्यांनी बंद पडला आणि तुकड्यातुकड्यांनीच उघडू लागला. पूर्णा-अकोला २००८ मध्ये, फतेहाबाद-उज्जैन २०२१ मध्ये, अकोला-अकोट २०२२ मध्ये. अडचण उरली ती अकोटच्या उत्तरेस. तेथे जुने रूळ मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून जातात. प्रकल्प १९७४ चा, रूळ त्याहून जुने. परंतु केवळ आधी आल्याने हक्क सिद्ध होतो, असे आम्हांस वाटत नाही. वनास बगल देऊन हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने मार्ग न्यावा, अशी सूचना पुढे आली. तिच्या विरोधात अंतर व खर्च ही कारणे मांडली जातात. शिवाय वनातील कोरकू वस्त्यांची सोयीची गाडी गेली, ही हानी खरी आहे. त्यांस पर्यायी वाहन मिळालेच पाहिजे.

आयर्लंडच्या पश्चिमेकडील लिमरिक-स्लायगो मार्गाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याचा क्लेअरमॉरिसच्या उत्तरेकडील भाग १९७५ मध्ये बंद झाला. दक्षिणेकडील एनिस-ॲथनराय भाग २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला, तरी त्यामुळे दोन टोके जुळली नाहीत. भागाच्या उद्घाटनाने मार्ग पुरा होत नाही.

आमचे मत असे की, जपावयाचे ते जुने रूळ नव्हेत, जुना संबंध होय. उज्जयिनी तरी मुख्य मार्गावर कोठे होती? फाट्याने का होईना, ती जोडली गेली, एवढेच महत्त्वाचे ठरले. वळसा पडला तरी चालेल. माळवा आणि वऱ्हाड यांच्यामध्ये खंड मात्र कायमचा राहू नये.