इंटरनेट आणि दूरशिक्षण : भाकितांचा हिशेब

मार्च 1997 मध्ये व्यवस्थापनशास्त्राचे विचारवंत पीटर ड्रकर यांनी ‘फोर्ब्स’ नियतकालिकात एक भाकीत केले : तीस वर्षांत विद्यापीठांची मोठमोठी संकुले इतिहासजमा होतील. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्या भाकिताची मुदत 2027 मध्ये संपते.

तंत्रज्ञानाने शाळेचे अंतर मिटवण्याचे स्वप्न भारताला नवे नव्हते. उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत शिक्षण नेण्याची कल्पना विक्रम साराभाईंनी मांडली होती. ऑगस्ट 1975 पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात एटीएस-6 उपग्रहाद्वारे तत्कालीन मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. मात्र खेड्यातील संच केवळ ग्रहण करणारा होता. पाहणाऱ्या मुलाची शंका त्यातून परत जाऊ शकत नव्हती.

1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे ब्रीद. तरीही घरी पाठवलेल्या पुस्तकांच्या जोडीला गावोगावी अभ्यास केंद्रे उभारावी लागली. विद्यार्थ्याला पाठ्यसामग्रीइतकीच मार्गदर्शकाचीही गरज असते, हे त्यामागील भान होते.

इंटरनेटमुळे संवाद दुतर्फा झाला आणि भाकिते अधिक धीट झाली. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. सुमारे 1,60,000 जणांनी नोंदणी केली. पूर्ण केला तो सुमारे 23,000 जणांनी, म्हणजे सातांपैकी एकाने.

भारतात तर मुळात पोहोचण्याचाच प्रश्न होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार 2017-18 मध्ये ग्रामीण भागातील सुमारे 15 टक्के, तर शहरी भागातील 42 टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा या दरीची किंमत मुलांनी मोजली.

भाकिते सर्वस्वी चुकली असे नाही. जबलपूरच्या विजय नगरातील विद्यार्थ्याला ‘एनपीटेल’मुळे आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने आज घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. पण व्याख्यान पोहोचणे ही शिक्षणाची सुरुवात आहे. अडलेल्या ठिकाणी कोणी थांबून समजावणे, चुका दाखवणे, पुन्हा प्रयत्न करायला लावणे, हे काम पुढे उरतेच. भाकीतकारांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजले; विद्यार्थी मात्र ते अनुत्तरित शंकांमध्ये मोजतो.